जेवताना बोलू नये

भोगीच्या दुपारी मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा आणि ताटात डावीकडे शेंगाचटणी. सूनबाईने भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "आई, अगदी विकतच्यासारखी झालीय!" मुलाने लगेच पाण्याचा पेला उचलला. यांनी भाजीत मान घातली. मी "हो का?" म्हटलं, तिला आणखी चमचाभर वाढली आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेले. भाकरी उलटायची वेळ अजून झालीच नव्हती.

सून नाशिकची. तिच्या लहानपणी सोलापूरहून कुणी आलं की चटणीचं पाकीट यायचं, आणि ते कपाटात वर ठेवून पुरवून पुरवून खायचे, असं तिनेच सांगितलंय. म्हणजे तिच्या लेखी तिने मला पहिला नंबर दिला होता. आम्हा सोलापूरकरांचं गणित उलटं. विकतची चटणी आपण परगावच्या पाहुण्यांच्या पिशवीत घालतो, साहेबाला भेट म्हणून नेतो. घरात खायची ती घरात कुटलेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी रात्री ओटा पुसताना ते वाक्य पुन्हा आलंच. समजूत पटली म्हणून बोच जाते असं काही नाही.

त्याला कारण त्या चटणीमागचा खांदा. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी पेठेतल्या जुन्या घरातलं दगडी उखळ उचलून आणायला लावलं होतं, ते मागच्या अंगणात आहे. घरात मिक्सरही आहे, पण त्याचं आणि शेंगाचटणीचं जमत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं दाणा कापत जातं, त्याची आधी कोरडी पूड होते आणि एक फिरका जास्त झाला की तळाशी लगदा. मुसळ चेचतं. मंद आचेवर भाजून, सुपात पाखडून साल काढलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. सुरुवातीच्या घावांना दाणे नुसते उड्या मारतात, हाताला लागून बाहेर पडतात. मग फुटायला लागतात, तिखट त्यांना धरतं, रंग विटेसारखा होतो. लसणाचा उग्र वास येतो आणि हळूहळू मावळतो. कुटता कुटता एका घावाला आवाज बदलतो. इतका वेळ ठक् ठक् चाललेलं असतं, ते एकदम ओलसर, जड होतं. वाकून बघावं तर उखळाच्या कडेने तेलाची बारीक रेघ चमकत असते. तिथे थांबायचं. पुढे कुटली तर तेलकट गोळा, आधी थांबली तर भुसा. मूठ आवळली की बोटांचे ठसे धरते आणि भाकरीवर टाकली की मोकळी होते, ती चटणी जमली.

मला त्या आवाजापाशी थांबायला सासूबाईंनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर जेवताना त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. नवी होते तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत वाढायचे. त्या शांतपणे जेवायच्या, ताट स्वच्छ करायच्या, उठायच्या. दुसऱ्या दिवशी मी दाणे भाजायला घेतले की मागून जाताना म्हणायच्या, "आज जरा आधी उतरव." एवढंच. तेव्हा मला कळायचं की कालची चटणी करपट लागली होती. कालच्या आमटीवरचा शेरा आजच्या आमटीत कामाला यायचा. एकदा धीर करून विचारलं, की आई, काल का नाही बोललात? तर म्हणाल्या, "तू जेवायची होतीस."

त्या वेळी आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, शेवटी मी. वाढता वाढता कुणी "वांगी कच्ची राहिली" म्हटलं की ते रांधणारीच्या रिकाम्या पोटात पडायचं, आणि मग तिला तीच कच्ची वांगी पुढ्यात घेऊन बसायचं असायचं. सासूबाईंनी ते बरंच सोसलं असणार. बोलल्या मात्र कधीच नाहीत.

त्यांचा नैवेद्याचा स्वयंपाक बघण्यासारखा असे. पुरण, कटाची आमटी, भजी, सगळं न चाखता. देवाला दाखवायच्या आधी जिभेवर थेंब नाही. बायका म्हणत, त्यांना उकळीच्या वासावरून मीठ कळतं. मला हे कधी पटलं नाही, मिठाला कुठे वास असतो. मी बघितलं होतं, त्या तळहाताचा खळगा करून मीठ घेत आणि तो खळगा कधी चुकत नसे. नैवेद्य झाला, घंटा वाजली, की पहिलं ताट अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. देवाने निमूट खाल्लेलं असायचं. अण्णांना कट आंबट लागायचा.

अण्णा स्पष्टवक्ते. हा शब्द घरातल्या माणसाबद्दल वापरला जातो तेव्हा तो कुणीतरी सहन करत असतं. पण अण्णांचं एक होतं, बाहेरून आलेली तारीफ ते जशीच्या तशी घरी पोचवायचे. ते गिरणीत होते. दुपारच्या सुट्टीत पाचसहा जण डबे उघडून बसायचे. एकाच्या डब्यात तेलुगू घरची चिंच घातलेली झणझणीत भाजी, एकाच्या डब्यात कानडी घरचा झुणका आणि पापडासारखी कडक भाकरी, कुणाच्या डब्यात खिमा, आणि अण्णांच्या डब्यात सासूबाईंचं दाण्याचं कूट भरलेलं वांगं. संध्याकाळी घरी येऊन ते रागाने सांगायचे, "आज वांगं मला मिळालंच नाही. सगळं त्यांनीच संपवलं." सासूबाई चुलीकडे तोंड करून असायच्या. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन वांगी जास्त. अण्णांनी स्वतःच्या तोंडाने त्या वांग्याला कधी चांगलं म्हटलं नाही, पण चार परक्या माणसांच्या भुकेची बातमी रोज आणली. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, डबा बंद झाला आणि ती बातमी येणंही थांबलं. त्यानंतर घरात उरलं फक्त अण्णांचं स्वतःचं मत.

आता अण्णांनी ऐंशी ओलांडलीय. रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ तोडलंय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच मीठ खा म्हणून सांगते, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. आपल्याकडे लोणचं, पापड, चटणी, ठेचा धरला तर तो चमचा सकाळीच संपतो. तर मी कमी मिठाचं करते, आणि अण्णा रोज पहिल्या घासाला विचारतात, "मीठ विसरलीस काय गं?" प्रश्न खरा आहे. त्यांना ते तसंच लागतं. वय वाढलं की जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, त्यामुळे पूर्वीइतकं मीठ घातलं तरी त्यांना कमीच वाटलं असतं. त्यात मी खरंच कमी घालते. सुरुवातीला मी समजावत होते, डॉक्टरांचा कागद दाखवत होते. जिभेला काही आठवड्यांत सवय होते असं डॉक्टर म्हणाले होते. यांना झाली, मला झाली. अण्णांना नाही.

ताट वाढताना पहिल्यांदा वर मधोमध मीठ. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अण्णांच्या ताटात मी ते वाढायचं बंद केलं. परवा मी तव्यापाशी होते, आणि तिथून मला त्यांचं ताट आरपार दिसतं. त्यांनी उजव्या हाताची करंगळी आमटीत बुडवली, शेजारी बसलेल्या यांच्या ताटातल्या मिठावर अलगद टेकवली आणि तोंडात घातली. डोळे मिटले. मग उघडले ते थेट माझ्याकडे. मी भाकरीवर पाणी फिरवत राहिले. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही. त्या दिवशी मीठ विसरलीस काय हा प्रश्न आला नाही. संध्याकाळपासून मी आमटीत आमसूल थोडं वाढवलं, भाजीत लसूण वरून ठेचून घालायला लागले. आंबटपणा आणि उग्रपणा असला की मिठाची उणीव जरा झाकते. दोन दिवसांनी म्हणाले, "आज बरं झालंय." यांच्या ताटातल्या मिठाकडे माझं लक्ष असतं अजून.

यांचं वेगळंच. हे चवीवर बोलत नाहीत, निदान करतात. "डाळ शिजली नाही, तू घाई केलीस." "भाकरी तडकली, तू पीठ नीट मळलं नाहीस." आता आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. टाकी संपली की बोअरचं पाणी स्वयंपाकाला घ्यावं लागतं. त्या पाण्यात क्षार असतात, कॅल्शियम, मॅग्नेशियम. त्यांनी डाळ कडक राहते, शिट्ट्यांवर शिट्ट्या काढा, तिचा कणा मोडत नाही. घाईचा संबंध नसतो. भाकरीचंही तसंच. गव्हात चिकटपणा असतो, तसा ज्वारीत नाही, म्हणून गरम पाण्याने पीठ भिजवायचं, तरच ते हाताखाली धरून राहतं. त्यातून पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी जाते. मग ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असू दे, 2016 साली तिला मिळालेलं भौगोलिक मानांकन असू दे, भाकरी काठाला तडकणार म्हणजे तडकणार. चक्की आठवडाभर बंद होती हे यांना माहीत होतं, पीठ यांनीच आणायचं होतं. पण ताटात तडकलेली भाकरी आली की तडकण्याचं कारण माझ्या हातात सापडतं.

मला वाटतं, घरच्या माणसांच्या खरं बोलण्याने दुखतं ते इथे. डाळ कच्ची लागली, हे खाणाऱ्याला कळतं आणि त्यात त्याची जीभ सहसा चुकत नाही. का कच्ची लागली, हे त्याला ठाऊक नसतं, कारण तो तिथे उभा नव्हता. पण आपण लोक पहिलं अर्धं वाक्य बोलून थांबत नाही. दुसरं अर्धं जोडतोच, आणि त्यात कर्ता नेहमी "तू" असतो. मी अलीकडे पहिलं अर्धं ऐकते आणि दुसऱ्याच्या वेळी नळ सोडते. हे यांना कळलंय की नाही माहीत नाही. नळाला पाणी असेल तेव्हाच जमतं म्हणा ते.

पहिलं अर्धं मात्र लागतं. दुसऱ्याची जीभ नसेल तर रांधणारी आंधळीच. सकाळपासून फोडणीच्या धुरात उभं राहिलं की नाकाला त्या वासाची सवय होते, आमटी पाचव्यांदा चाखली की तिची चव जीभ धरतच नाही. म्हणून तर पूर्वी बायका पळीतला थेंब कुणाच्याही तळहातावर घालून विचारायच्या, बघ गं जरा. शाळेतून आलेली पोर असो, भाजी घेऊन आलेली शेजारीण असो. ती हात चाटून "मीठ हवं" म्हणायची आणि पळायची. त्या "मीठ हवं"चा कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही. स्वयंपाक अजून चुलीवर असायचा ना. चुलीवरच्या पदार्थात मीठ टाकता येतं, ताटातल्या पदार्थात फक्त दोष काढता येतो.

आणि नुसतं "छान झालंय" म्हणणारी माणसं? ती मला यांच्यापेक्षाही अवघड वाटतात. मुलगा त्यातला. मेथी करा, शेपू करा, पिठलं करा, मान वर न करता "छान." लहानपणी मेथीच्या भाजीला तोंड वाकडं करायचा तेव्हा तो निदान खात होता, मुलांना कडू जास्तच कडू लागतं, त्याचं तोंड खरं बोलायचं. आता छान म्हणतो आणि विचारलं, काय होतं भाजीत, तर सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या अक्का, मूळच्या पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, घरात पूर्वी माग होते. त्याही सगळ्याला मस्तच म्हणतात. पण अक्कांचं खरं मत डब्याने कळतं. मी दिलेला डबा त्या रिकामा परत करत नाहीत, त्यात त्यांचं काहीतरी येतं, हे ठरलेलं. माझ्या भरल्या मिरच्यांना "मस्त" म्हणून त्यांनी तो विषय परत काढला नाही. अंबाडीची भाजी दिली त्यानंतर मात्र कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काय करायलीस गं? परवाची अंबाडी उरली का थोडी?" अंबाडी म्हणजे तेलुगू घरातली घरची भाजी. त्यात मी ज्वारीच्या कण्या घालते, त्यांच्याकडे घालत नाहीत. तरी त्यांनी मागितली. महिनाभर मी त्या एका प्रश्नावर काढला असेल.

भुकेल्या माणसाला तर मतच नसतं. संक्रांतीला सगळे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, गेले होते. तिथली गर्दी, ऊन, दर्शनाच्या रांगेत उभं राहणं, घरी पोचायला चांगलीच दुपार टळली. शेंगापोळ्या सकाळीच करून ठेवलेल्या. तुपाची वाटी मध्ये ठेवली आणि पाच मिनिटं घरात फक्त पोळ्या मोडल्याचा आवाज. ना मीठ, ना गूळ, ना विकतचं, ना घरचं. अण्णासुद्धा गप्प. मला वाटलं, सगळ्यांना आवडल्या.

नंतर फेब्रुवारीत मी पुण्याला गेले, मुलाकडे. पहिल्या रात्री सूनबाईने मुद्दाम भरली वांगी केली, सोलापूरसारखी, फोनवर माझ्याकडून विचारून घेतलेली. वरून तेलाचा तवंग सुंदर होता, मसाल्याचा वास जिन्यापर्यंत. वांगी मात्र आतून टणक. चिंचेचा कोळ आधी पडला की भाजी लवकर शिजत नाही, आंबट तिला मऊ होऊ देत नाही. हे मला पहिल्या घासातच कळलं. मुलगा म्हणाला, छान. मी रस्सा पुन्हा मागून घेतला, वांगी चावून चावून संपवली आणि एक अक्षर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटाट्याच्या रश्शासाठी चिंच भिजवायला लागली, तेव्हा तिच्या मागून जाता जाता म्हटलं, "आज चिंच बटाटे शिजल्यावर घाल."

ती थांबली. "म्हणजे काल वांगी कच्ची होती."

"थोडीशी."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तू जेवायची होतीस," म्हटलं. सवयीने तोंडातून आलं.

"आई, आपण तिघं एकाच टेबलावर जेवलो! माझ्या ताटातली पण कच्चीच होती. मला वाटलं, सोलापुरात अशीच करत असतील, तुम्ही एवढ्या आवडीने खात होतात म्हणून." मला हसू आलं. सासूबाईंची सगळी रीत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईसाठी बेतलेली होती, आणि इथे शेवटी बसणारं कुणी नव्हतंच. मुलगाच कधी फोन आला म्हणून उशिरा यायचा तेवढा.

तिने हात पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली. "मग मीही एक सांगू? तुमच्या शेंगापोळीत गूळ फार असतो. संक्रांतीला मला दुसरी गेलीच नाही, निम्मी मी यांच्या ताटात सरकवली."

"गूळ फार नाही गं," मी म्हटलं, "यंदाचा गूळच जरा ओलसर होता, आणि दाणे कमी भाजले की ते गोड जास्त लागतात, त्यात तीळ..."

"का झालं ते नंतर सांगा. गोड होती की नाही?"

मी गप्प बसले. यांनी कधी असं अडवलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. ती बटाटे चिरायला लागली, मी चिंच कोळायला घेतली, आणि चिंच कोळता कोळता माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. गूळ कमी करायला माझी ना नाही. पण अण्णांचं मीठ गेलं तेव्हापासून वर्षाकाठी ज्या दोनचार पदार्थांवर ते काही न बोलता खुश असतात, त्यातली ही पोळी एक, आणि तीही त्या गुळामुळेच. तेव्हा पुढच्या संक्रांतीला सारण दोन परातींत करावं लागणार, हिचं वेगळं, अण्णांचं वेगळं. दाणे तेवढे एकाच वेळी भाजता येतील.